सोपाऱ्याचे दोन दगड आणि आमची समुद्राची फेरी

मागच्या खेपेला आम्ही कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज हप्ते बाजूला ठेवू. आज समुद्रावर जाऊन येऊ आणि वाटेत दोन हजार वर्षं मागेही डोकावू. घाबरू नका, परत तुळिंजला संध्याकाळच्या नळाच्या वेळेआधी पोचू.

आम्ही तुळिंजच्या. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला, चाळींच्या गल्ल्यांत आमचे बचत गट. कोणी घरी बसून खोट्या दागिन्यांचे खडे चिकटवतं, कोणी गोरेगाव-अंधेरीला घरकामाला जातं, कोणी पोळीभाजीचे डबे करून देतं. एका बैठकीत हजेरी लिहिता लिहिता गप्पा निघाल्या आणि एक ताई म्हणाल्या, “अकरा वर्षं झाली मला इथं येऊन. समुद्र अजून टीव्हीवरच बघितलाय.” आम्हाला वाटलं, बाकीच्या हसतील. कोणी हसलं नाही. चौदा जणींपैकी सहा जणींनी आपला समुद्र पाहिलेला नव्हता.

आता हा समुद्र लांब किती? स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलं, की सोपारा गाव, मग निर्मळ, मग कळंब. सात-आठ किलोमीटर. अंधेरीला कामाला जाणारी बाई रोज याच्या चौपट अंतर डब्याच्या दारात लोंबकळत जाते. तिकडे जायला कोणी अडवत नाही, कारण तिकडून पगार येतो. समुद्रावर जाते म्हटलं, की घरातून पहिला प्रश्न येतो, “तिथं काय काम आहे?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, देवाला जात असाल तर जा, नुसतं वाऱ्यावर हिंडायला कशाला? शेवटी गटाच्या रजिस्टरात विषयाच्या रकान्यात आम्ही ‘अभ्यास सहल’ असं लिहिलं. अभ्यास कशाचा, ते आमचं आम्हालाच माहीत नव्हतं. पण लिहिलं, म्हणून थोडं वाचावं लागलं. आमची बी.ए. झालेली, विषय इतिहास. तरी ज्या गावाच्या नावानं रोज लोकल पकडतो, त्या सोपाऱ्याबद्दल परीक्षेपुरती एक ओळ पाठ होती.

तर हे आपलं सोपारं. जुनं नाव शूर्पारक. महाभारतात पांडव तीर्थयात्रेत इथं येऊन गेल्याचा उल्लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक माणसानं खलाशांसाठी बंदरांची माहिती लिहून ठेवली, त्यात भडोचच्या पुढे सुप्पारा आणि मग कल्याण अशी नावं आहेत. म्हणजे जिथं आज स्टेशनबाहेर रिक्षांची रांग लागते, त्याच्या आसपास खाडीतून गलबतं आत येत. वसई-सोपाऱ्याचा सगळा पट्टा तेव्हा खाड्यांनी वेढलेल्या बेटासारखा होता आणि आमचं तुळिंज खाडीच्या अलीकडच्या काठाला. पुढे खाड्या गाळानं भरत गेल्या, बंदर बसलं. पण पाणी आपली जुनी वाट विसरलेलं नाही, हे जुलैमध्ये तुळिंज रोडवर गुडघाभर पाण्यातून पोरांना शाळेत नेणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्यात आले. माणूस मूळचा जुनागढचा, म्हणजे गिरनारच्या पायथ्याचा. गिरनारच्या खडकावर सम्राट अशोकाचे लेख आहेत. ती ब्राह्मी अक्षरं ओळखायला ते लहानपणापासून शिकले. इंग्रजी शिक्षण त्यांच्याकडे फारसं नव्हतं, पण पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या गटात ‘आम्ही काय शिकलेल्या नाही’ हे वाक्य रोज ऐकू येतं. भगवानलालांना सोपाऱ्यात एका तळ्याजवळ फुटक्या दगडाचा तुकडा सापडला. त्यावर थोडीशीच अक्षरं उरलेली. गिरनार पाठ असलेल्या माणसाला ती लगेच ओळखू आली. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता.

हा आठवा लेख कशाबद्दल आहे, ते वाचलं आणि आम्ही रजिस्टर बाजूला ठेवून हसत सुटलो. तो लेख सहलीबद्दल आहे! खरंच. गिरनारला आणि इतर ठिकाणी हा मजकूर पूर्ण टिकला आहे, त्यावरून अर्थ लागतो. अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. शिकार करायची, मौजमजा करायची. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधीच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केली. त्यात श्रमणांना आणि ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून बोलायचं. यात आपल्याला जास्त आनंद मिळतो, असंही तो म्हणतो.

म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच गावात दगडावर कोरलेलं होतं, की फिरणं दोन प्रकारचं असतं, मौजेचं आणि कामाचं. आम्ही रजिस्टरात लिहिली धर्मयात्रा आणि मनात होती विहारयात्रा. राजाच्या दगडानं आमची चोरी पकडली.

दिवस कुठला ठरवायचा? रविवारी किनाऱ्यावर रिसॉर्टची गर्दी, गाड्या, गाणी. आम्हाला शांत समुद्र हवा होता, म्हणून मधला वार घेतला. चौघींनी कामाच्या घरी सुट्टी सांगितली, एकीचा दिवसाचा पगार कापला गेला. माघातली पंचमी धरली. पंचमीच का, ते ऐका, हे तुमच्या उपयोगाचं आहे. किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून भरती काढतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पंचमीची पाऊणपट म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास आधी, साडेनऊ-पावणेदहाला, ओहोटी. ओहोटीला पाणी लांब जातं आणि ओली वाळू अशी घट्ट होते, की चपला हातात घेऊन रस्त्यासारखं चालता येतं. हा हिशेब अंदाजाचा आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा. आणि पावसाळ्यात हा हिशेब नकोच, तेव्हा किनाऱ्यालाच नको.

सकाळी लोकलनं एक स्टेशन विरारला गेलो. याच रुळांवरून १८६७ साली, १२ एप्रिलला, विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी सुटली होती. त्याआधीपासून आणि त्यानंतरही या पश्चिम पट्ट्यातल्या बायका टोपल्या भरभरून फुलं, भाजी, केळी मुंबईच्या बाजारात नेत आल्या. त्यांनी मुंबई आमच्या कितीतरी आधी पाहिली. पण डोक्यावर टोपली ठेवूनच.

विरारहून बसनं अर्नाळा. कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. समोर पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला. गुजरातच्या सुलतानाचा, मग पोर्तुगीजांचा, १७३७ साली मराठ्यांनी घेतला आणि बाजीराव पेशव्यांच्या काळात तो नव्यानं बांधला गेला. तसा शिलालेख त्याच्या दरवाजावर आहे. नावेनं जायला वेळ नव्हता, लांबूनच पाहिला. बोंबील उलटत असलेल्या एका मावशींनी विचारलं, “कुठल्या तुम्ही? देवीला आलात?” आम्ही म्हटलं, “नाही, फिरायला.” मावशी आमच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “माझा जन्म या वाळूत गेला. फिरायला म्हणून कधी आले नाय.”

रिक्षा करून राजोडीला उतरलो. सुरूच्या झाडांतून पुढे गेलो आणि समोर नुसतं पाणी. किनारा लांबच लांब, वाळू काळपट, माणसं मोजून पाच-सहा. लाटा मोठ्या नाहीत, पण लांबवर एकामागून एक फुटतात, पांढरी रेघ येते, विरते, तिच्या मागे दुसरी. ज्या ताई अकरा वर्षं आल्या नव्हत्या, त्या काही बोलल्या नाहीत. चपला काढल्या, साडी खोचली, पाण्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही पंधरा मिनिटं त्यांच्याकडे गेलो नाही. मग त्यांनीच वळून हाक मारली, “अगं, हे इतकं आवाज करतं?”

राजोडीहून कळंबला आम्ही वाळूतून चालत निघालो. समुद्र उजव्या हाताला, सुरू डाव्या हाताला. रमतगमत तास-सव्वा तास लागला. वाटेत खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांच्या रांगोळ्या, शिंपले, एक उलटी पडलेली होडी. प्लास्टिकही होतं, ते झाकून कशाला ठेवायचं? घरी सतत बोलणाऱ्या दोघी गप्प होत्या आणि बैठकीत तोंड न उघडणारी एक जण जोरात गाणं म्हणत पुढे चालली होती. पाण्यात घोट्याच्या वर कोणी जायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. किनारा सपाट दिसतो, पण पाणी परत भरताना भराभर येतं आणि आमच्यातल्या एकीलाही पोहता येत नाही.

आता दुसऱ्या दगडाची गोष्ट. कळंबच्या दक्षिणेला भुईगाव. तिथंही किनारा आहे, मागे वाड्या, विहिरी, केळी, फुलं. या भुईगावात १९५६ साली अशोकाच्या लेखाचा आणखी एक तुकडा सापडला. तो नववा लेख. चौदाच्या चौदा लेख सोपाऱ्यात असावेत, असं अभ्यासक मानतात. हाती आले ते हे दोन. आज दोन्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

नववा लेख आपल्याबद्दल आहे, मैत्रिणींनो. बायकांबद्दल. त्यात राजा म्हणतो, की लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर आणि प्रवासाला निघताना नाना विधी करतात. त्यातही बायका तर पुष्कळ, बारीकसारीक आणि निरर्थक विधी करतात. मंगल कार्यं करावीत, पण अशांचं फळ थोडं. खरं फळ धर्माच्या मंगलाचं. आणि ते कोणतं? तर दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं, प्राणिमात्रांना न दुखवणं, दान करणं.

कळंबला सुरूच्या सावलीत डबे उघडले, तेव्हा हे आम्ही सगळ्यांना सांगितलं. भाकरी हातातच राहिली आणि भांडण जुंपलं. घरकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, नोकरांशी नीट वागा हे पहिल्यांदा लिहिलंय ना, मग राजा बरोबर बोलला. तो दगड आमच्या बाईच्या सोसायटीत लावा. दुसऱ्या म्हणाल्या, उपासतापास खरंच फार वाढलेत, पैसेही जातात, राजानं काय चूक म्हटलं? पण तिसऱ्यांचं म्हणणं आम्हाला अजून सोडत नाही. त्या मूळच्या किनाऱ्याकडच्या, माहेर कोळ्यांचं. त्या म्हणाल्या, “प्रवासाला निघताना बायका विधी करतात, असं लिहिलंय. पण प्रवासाला निघायचं कोण? तो. बाई दारात उभी. होडी पाण्यात गेली, की तिच्या हातात दुसरं काय राहतं? नारळ, दिवा आणि वाट बघणं. तिला होडीत घ्या, मग बघू ती किती विधी करते.”

आम्हाला अशोकाबद्दल आदर आहे. आमच्या गटातल्या निम्म्या घरांत बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर जायची रीत आहे. पण या बाबतीत आम्ही त्या ताईंच्या बाजूच्या. आठव्या लेखात प्रवासाला जाणारा राजा आहे, नवव्या लेखात प्रवासाला जाणाऱ्यासाठी ओवाळणारी बाई आहे. दोन्ही दगड एकाच किनाऱ्याचे. बाईच्या वाट्याला आला तो प्रवासाचा उंबरठ्यापर्यंतचा भाग. तिनं तोच सजवला, आणि त्यालाच निरर्थक म्हटलं गेलं.

सोपाऱ्याची म्हणून आणखी एक गोष्ट बौद्धांच्या ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात आहे. इथला एक श्रीमंत व्यापारी आजारी पडला. बायको-मुलांनी पाठ फिरवली, घरातल्या दासीनं त्याची सेवा केली आणि तो बरा झाला. काय देऊ, असं त्यानं विचारल्यावर तिनं नुसते पैसे घेतले नाहीत. पैसे घेऊन सुटले तरी मी दासीच राहणार, मला तुझ्या संसारात जागा दे म्हणजे दासीपण जाईल, असं तिचं म्हणणं. तिचा मुलगा पूर्ण. त्यानं समुद्रावर सफरी केल्या, पैसा मिळवला, मग भिक्षू झाला. कथा म्हणून घ्या. पण मुलाचं नाव कथेनं लक्षात ठेवलं, त्याला समुद्र गाठून देणाऱ्या आईची ओळख मात्र ‘दासी’ एवढीच उरली.

जेवणं झाली आणि अडचण उभी राहिली. आता हे रेडिओवर बोलायचं की नाही, असं आम्हाला वाटलं, पण बायकांच्या कार्यक्रमात नाही तर कुठं बोलणार? किनाऱ्यावर बायकांसाठी उघडं, वापरता येईल असं स्वच्छतागृह आम्हाला सापडलं नाही. सकाळपासून निम्म्या जणींनी त्याच भीतीनं पाणी प्यायलेलं नव्हतं. एकीचं डोकं दुखायला लागलं, एकीला चक्कर. शेवटी एका वाडीतल्या आजींनी दार उघडलं. चौदा जणींना एकेक करून आत सोडलं, विहिरीचं पाणी दिलं आणि वर प्रत्येकीच्या हातावर केळं ठेवलं. आम्ही पैसे काढले तेव्हा रागावल्या.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यात एक मोठा लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं दिलेल्या दानांची त्यात यादी आहे. काळ सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात शोर्पारग, म्हणजे आपलं सोपारं, नावानिशी आहे. इथं आणि आणखी तीन गावांत त्यानं प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले, बागा लावल्या, तळी आणि विहिरी खोदल्या. नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, त्या नद्यांत डहाणूकाही आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली डहाणूची. काठावर बसायला निवारा आणि प्यायला पाणी. त्याच लेण्यात त्याची बायको दक्षमित्रा हिनंही एक खोली दान दिल्याचा लेख आहे. तेव्हाच्या राजजावयाला जे सुचलं, ते आजच्या किनाऱ्यावर मागायला आम्ही अर्ज लिहिला आहे. एक निवारा, पाणी, आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. अर्जावर चौदा सह्या आहेत, अंगठा एकही नाही.

परतीच्या बसनं निर्मळवरून सोपाऱ्यात आलो आणि स्तूपाशी उतरलो. गावातले जुने लोक याला बुरूड राजाचा कोट म्हणतात. विटांचा मोठा ढिगारा, भोवती झाडं, शांतता. भगवानलालांनी १८८२च्या एप्रिलमध्ये हा खणला. आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय होतं? सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानून कोणीतरी इतक्या जपणुकीनं ठेवले होते. हे सगळं आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. भांडी घासून हातांना चरे पडलेल्या आमच्या ताई म्हणाल्या, “मातीच्या खापरासाठी एवढे डबे!” आणि बराच वेळ तिथंच बसून राहिल्या.

साडेचारला पूल ओलांडून पूर्वेला उतरलो. नळाला पाणी यायला अजून अवकाश होता. सासूबाईंनी विचारलं, काय अभ्यास केला? सून म्हणाली, अशोकाचा. ते खोटं नव्हतं.

पुढच्या खेपेला भुईगाव ठरलंय, पुन्हा मधल्या वारी, ओहोटी बघून. बाटलीभर पाणी प्रत्येकीनं आणायचं आणि प्यायचं, त्या आजींसाठी तिळाचे लाडू न्यायचे. परवाच्या बैठकीत सचिव ताईंनी रजिस्टर उघडून विचारलं, विषयात काय लिहू, पुन्हा अभ्यास सहल? आम्ही म्हटलं, ‘विहार’ लिहा. त्यांनी पेन उचललं आणि एवढंच विचारलं, “वि ऱ्हस्व ना?”